हाकेचा वाटा

नीराबाईला राग यायला फार वेळ लागत नाही, हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. पण यंदाच्या थंडीत तिला जो राग आला तो आला आणि मुक्कामालाच राहिला. सकाळी चहा उकळताना ती 'ऐच्छिक' या शब्दाला शिव्या घालायची, दुपारी सुरमईचे खवले काढताना घालायची, आणि संध्याकाळी नवऱ्याला वाढताना पुन्हा पहिल्यापासून सुरू. अनंता, म्हणजे तिचा नवरा, मुळातच कमी बोलणारा. तो मान हलवायचा आणि कालवण मागायचा. मान हलवण्याशिवाय त्या बिचाऱ्याच्या हातात होतं तरी काय?

नीराबाई एक्कावन्न वर्षांची. मुरूडकडून आगरदांड्याला जाताना खाडीच्या अंगाला 'सागरसाज' नावाचं रिसॉर्ट झालंय, तिथल्या स्वयंपाकघरात मासळीचं सगळं तिच्याकडे. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येऊन जी सुरमई बोटं चाटत खातात, तिची तुकडी किती जाड असावी हे नीराबाई ठरवते. शेफ वरून फक्त कोथिंबीर ठेवतो, असं तिचं स्पष्ट मत आहे आणि ते तिनं शेफलाही सांगितलेलं आहे. तिच्याशिवाय वाड्यातल्या आणखी अकराजणी तिथे जातात. कुणी खोल्या आवरते, कुणी चादरी धुते, कुणी भांड्यांना. सकाळी साडेसहाला टेम्पो येतो, सातला हजेरी, साडेतीनला सुट्टी.

आणि साडेतीन म्हणजे साडेतीन. त्यानंतरचा वेळ बायकांचा स्वतःचा असतो, म्हणजे कसा, तर चारला नळाला पाणी येतं, पोरं शाळेतून येतात, आणि दव पडायच्या आत वाळत घातलेली मासळी उचलायची असते. याला मोकळा वेळ म्हणणाऱ्याला एकदा आणून त्या वेळात उभा करावा, असं नीराबाई म्हणते.

दिवाळी उलटली आणि रिसॉर्टच्या बोर्डावर एक कागद लागला. कर्मचारी कौशल्य विकास प्रशिक्षण, सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेतीन ते साडेपाच, दोन महिने. खाली जाड अक्षरात, ऐच्छिक. आठ दिवस तो कागद पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत राहिला. बायका त्याच्यासमोरून जायच्या, चपला घालायच्या आणि टेम्पोत बसायच्या. ऐच्छिक आहे ना, मग आमची इच्छा नाही, इतका साधा हिशेब. तो तसाच राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण विपुलसाहेब आले. हा विपुल पनवेलचा, तिशीतला, रिसॉर्टच्या माणसांचं बघणारा अधिकारी. पगार, रजा, हजेरी, सगळं त्याच्याकडे. स्वभावानं गोड. इतका गोड की रजा नाकारली तरी माणूस आभार मानून बाहेर पडायचा. तो थेट मासळीच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला, नाकाला रुमाल न लावता, हे नीराबाईनं लगेच टिपलं. म्हणाला, मावशी, हेड ऑफिसनं ट्रेनिंगला शिकवायला मॅडम पाठवल्यायत आणि समोर खुर्च्या रिकाम्या, माझी पंचाईत झालीय. मग हळूच म्हणाला, "तुम्ही शब्द टाकलात तर सगळ्या येतील. मला ठाऊक आहे तुमच्या घराचं. कंपनी विसरणार नाही."

झालं. बाई हरभऱ्याच्या झाडावर चढली.

आता तिच्या घराचं काय, ते सांगायला हवं, त्याशिवाय ही बाई एवढी फसली कशी ते कळायचं नाही. पावसाळा लागायच्या आधी इथं होड्या पाण्यातून वर काढतात. ट्रॅक्टर आले, क्रेन आल्या, पण या बंदराच्या चिखलात ट्रॅक्टर रुततो, म्हणून अजून दोर आणि माणसांचे हात. ज्याची होडी काढायची तो आदल्या दिवशी नीराबाईच्या सासऱ्याकडे यायचा आणि म्हणायचा, उद्या हाक द्या. दुसऱ्या दिवशी भरतीच्या टायमाला सासरा बंदरावर उभा राहून अशी हाक द्यायचा की बाई तव्यावरची भाकर तशीच टाकून निघायची. सासरा गेला. अनंताचा आवाज शेजारच्या घरात पोचायचा नाही. तेव्हा एका वर्षी हाक नीराबाईनंच दिली, आणि तेव्हापासून तीच देते. बाईनं हाक द्यावी का, यावर चार दिवस कुरकूर झाली, मग लोकांना दिसलं की आवाज सासऱ्यापेक्षा लांब जातो.

या हाकेचे दोन नेम आहेत. हाक आली की बसायचं नाही. जो बसेल त्याच्या होडीच्या दोराला पुढल्या साली कुणी हात लावत नाही. आणि होडी वर आली की होडीवाल्यानं प्रत्येक हाताला सुक्या मासळीचा वाटा द्यायचा, स्वतःच्या हातानं. वाट्याची गोष्ट आधी कुणी काढत नाही. वाटा किती, देणार ना, असं आधीच विचारणं म्हणजे होडीवाल्याच्या तोंडावर त्याला भिकारी म्हणण्यासारखं. तो देतोच. त्यात विचारायचं काय?

तर विपुलसाहेब म्हणाले, शब्द टाका, कंपनी विसरणार नाही. नीराबाईनं ऐकलं, की हाक द्या, वाटा देतो. तिनं विचारलं नाही. तिच्या रीतीनं विचारणं शोभलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तिनं सांगून टाकलं, सोमवारपासनं साडेतीनला कुणी घरी पळायचं नाही, शिकायला बसायचंय. का, कशाला, असं एकीनंही विचारलं नाही. सोमवारी अकराच्या अकरा खुर्च्या भरल्या आणि बारावीवर ती स्वतः. विपुलनं दारातून बघून अंगठा उंच केला.

शिकवायला आलेल्या अमिषा मॅडम उरणकडच्या, वय सव्वीस, हॉटेलचा कोर्स केलेल्या. पोरगी वाईट नव्हती. पण तिनं जे शिकवायचं ते मुंबईत कुणीतरी लॅपटॉपवर बसून लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात हसायला शिकवलं. पाहुणा दिसला की किती दात दिसावेत, किती दिसू नयेत. ज्या बायकांनी जन्मभर बाजारात बसून गिऱ्हाईक पटवलं त्या एकमेकींकडे बघून हसल्या, तेव्हा मॅडम म्हणाल्या, बरोबर, असंच. दुसऱ्या आठवड्यात टॉवेल दुमडून त्याचा हंस. तिसऱ्या आठवड्यात वेळेचं नियोजन. आता काय म्हणावं? नळाचं पाणी येऊन जायच्या वेळेला बाराजणी खुर्चीवर बसून वेळ वाया कसा घालवू नये ते शिकत होत्या. नीराबाईनं कपाळाला हात लावला, पण बसली. हाक तिची होती, तिनं उठून कसं चालेल?

चौथ्या आठवड्यात मासळी आली. पडद्यावर एक चित्र आलं आणि मॅडम म्हणाल्या, हा पापलेट. तो हलवा होता, काळसर, वेगळाच मासा. नीराबाईनं तीन श्वास धरून ठेवले, चौथा सुटला. ती उठली, आतून खरा पापलेट घेऊन आली, शेजारी हलवा ठेवला, आणि तिथून पुढे मासळीचे सगळे तास तिनंच घेतले. ताजी कशी ओळखायची, काटा न मोडता मधून कशी फाडायची, कोलंबीचा दोरा कसा ओढायचा. खोल्या आवरणाऱ्या बायकांनाही हे येतच होतं, त्यामुळे समोर रिसॉर्टचे तीन वाढपी आणून बसवले. मॅडमनी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं आणि मनापासून आभार मानले. नीराबाईला त्या दिवशी भारी वाटलं, खोटं कशाला बोला. घरी येऊन अनंताला सांगितलं, मी मास्तरीन झाले. अनंतानं मान हलवली.

महिना संपला. बाहेर फाटकावर मोठा बोर्ड लागला, प्रशिक्षित स्थानिक महिलांच्या हातची मासळी. बोर्डावर नीराबाईचा फोटो, हातात पापलेट. शनिवार-रविवारची गर्दी वाढली. आणि पगार झाला, नेहमीइतकाच.

नीराबाई म्हणाली, दोन महिने पुरे होऊ दे, होडी अजून वर यायचीय.

याच दिवसांत ती गोष्ट घडली जी तिला अजून खाते. किशोरी ही वाड्यातली चोवीस वर्षांची सून, चादरी धुण्याच्या कामाला. तिचं पोरगं दीड वर्षाचं. साडेतीनला सुटणारी आई साडेपाचला सुटायला लागल्यापासून पोर शेजारणीकडे. एका बुधवारी पोराला ताप होता म्हणून किशोरी ट्रेनिंगला न थांबता घरी गेली. गुरुवारी सकाळी टेम्पोत तिला कुणी सरकून जागा दिली नाही. सगळ्या खिडकीबाहेर बघत बसल्या. हाकेला बसलेली बाई ती. आणि नीराबाईनं काय करावं? तिनंही सुनावलं, की पोरं काय तुलाच झाली काय, बाकीच्या काय वांझ हायेत? शुक्रवारी किशोरी तापातलं पोर शेजारणीच्या मांडीवर टाकून पाहुण्यांना नमस्कार कसा करावा ते शिकायला बसली. तिचे डोळे सुजलेले होते. नीराबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

जानेवारी उजाडला, दोन महिने भरले, पगार झाला. नेहमीइतकाच. त्या दिवशी टेम्पोत सगळ्या नीराबाईकडे बघत होत्या. वाटा कधी, हे विचारायचं नसतं, पण होडी वर येऊन कोरडी झाल्यावर विचारायला हरकत नसते. शेवटी किशोरीनंच विचारलं, "काकी, हाक तू दिली व्हतीस. आता आमी कुनाकडं बघायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच नीराबाईला लागलं. आजवर सासऱ्याच्या काय, तिच्या काय, एकाही हाकेला आलेला माणूस मोकळ्या हातानं परत गेला नव्हता. आता जाणार होता. आणि हाक देणाऱ्या घराचं एकदा असं झालं की पुढच्या जेठात बंदरावर कितीही ओरडा, भाकर तव्यावर टाकून कोण येतं?

ती विपुलसाहेबांकडे गेली. तिनं नीट सांगितलं, की दोन महिने, आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास, बाराजणी. कामाचे तास झाले, त्यांचं काय ते द्या. विपुलनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग फाईल काढली. प्रत्येक दिवसाचा कागद, प्रत्येक कागदावर बारा सह्या, वर छापलेलं, मी स्वेच्छेने उपस्थित आहे. तो म्हणाला, मावशी, काम म्हणजे कंपनी सांगते ते. हे तर शिक्षण. शिक्षण तुमचंच, उद्या दुसरीकडे गेलात तरी तुमच्याबरोबर येणार, त्याचे पैसे कंपनीनं कसे द्यायचे? पोरगं शाळेत जातं, त्याला शाळा पगार देते का?

नीराबाई म्हणाली, पापलेट फाडायला मी शिकले का शिकवलं? त्यावर तो हसला. म्हणाला, ते तुमचं प्रेम. कंपनीला त्याची कदर आहे, बोर्डावर फोटो बघा. मग ती म्हणाली, खुशीनं कोण बसलं होतं तिथं? आणि तेव्हा त्यानं ते वाक्य टाकलं, ज्यानं तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"उलट मावशी, आम्ही आठ दिवस कागद लावला, कुणीच आलं नाही. कंपनीनं सक्ती केली असती तर तेव्हाच आल्या असत्या. त्या आल्या तुमच्या बोलावण्यावर. याहून ऐच्छिक काय असतं?"

बाहेर येऊन ती मासळीच्या ओट्यापाशी उभी राहिली आणि मग सुचायला लागलं, जसं नेहमीच होतं, उशिरा. अरे बाबा, माझी हाक आली की कुणाची खुशी विचारायची सोयच राहत नाही. तापातलं पोर टाकून आली ती. तिला मीच सुनावलं. तुझ्या कागदाला नाही म्हणता आलं असतं, आठ दिवस सगळ्या म्हणतच होत्या. माझ्या हाकेला नाही म्हणता येत नाही, हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू माझ्याकडे आलास. आणि हाक मी दिली हे खरं, पण होडी कुणाची? हाक देणारा वाटा देत नाही, होडीवाला देतो. बोर्ड तुझ्या फाटकावर लागलाय, माझ्या दारात नाही.

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन विपुलला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर कळवतो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा गेली, पुन्हा समजावलं. तिला वाटायचं, पनवेलचं पोर, होड्या-बिड्या बघितलेल्या नाहीत, रीत कळत नसेल. म्हणून ती एकदा नारळाच्या करवंट्या टेबलावर मांडून होडी कोण, दोर कोण, हाक कोण, असं दाखवून आली. दर वेळी दोघांचा चहा व्हायचा. दर वेळी घोडं तिथंच पेंड खायचं. अनंता एकदा म्हणाला, एवढं समजावून त्याला कळत न्हाय म्हंजे पोरगं मंदच दिसतंय. नीराबाई म्हणाली, मंद न्हाय वो, शिकलेलं हाय.

इतक्यात दुसरी तुकडी सुरू करायचं ठरलं. तेच दिवस, तीच वेळ, आणि यात पहिल्या बाराजणींनी नव्या माणसांना शिकवायचं, तेही ऐच्छिक. पहिल्याच शुक्रवारी हेड ऑफिसचे दोन साहेब कॅमेरा घेऊन बघायला येणार होते. विपुल आदल्या दिवशी येऊन म्हणाला, मावशी, उद्या जरा सगळ्यांना सांगा.

नीराबाईनं सांगितलं. टेम्पोतच सांगितलं, की आज साडेतीनला चपला घालायच्या आणि सरळ घरी.

साडेतीनला विपुल धावत फाटकावर आला तेव्हा टेम्पो भरलेला होता. आत बारा रिकाम्या खुर्च्यांसमोर शिकायला आलेली नवी माणसं, अमिषा मॅडम, दोन साहेब आणि कॅमेरा. विपुल खिडकीशी वाकून म्हणाला, मावशी, असं नका करू. नीराबाईनं विचारलं, आज ऐच्छिक हाय ना साहेब? तो हो म्हणाला, दुसरं काय म्हणणार. मग त्यानं स्वतःच बायकांना हाका मारल्या, एकेकीचं नाव घेऊन, ताई, काकी, दोन तासांचाच प्रश्न आहे. कुणी हललं नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. बायका त्या दिवशी वाटेत खूप हसल्या. टेम्पोत किशोरी नीराबाईच्या शेजारी बसली होती.

आठ दिवसांत नवा कागद लागला. यापुढे प्रशिक्षण कामाच्या वेळेत होईल, दोन ते साडेतीन. 'ऐच्छिक' हा शब्द त्यातून गेला होता. वाड्यात लोक म्हणाले, नीराबाईनं कंपनीला नमवलं. पण नीराबाई कागद घेऊन तडक आत गेली आणि विचारलं, मागच्या दोन महिन्यांचं? विपुल म्हणाला, ते मात्र नाही. पुढचं कंपनीनं मोठ्या मनानं केलंय. मागचं ऐच्छिक होतं ते ऐच्छिकच राहणार. त्यानं बारा सर्टिफिकेटं काढून दिली, सोनेरी काठाची, प्लास्टिकच्या पाकिटात.

तिनं ती वाटली. बायकांनी उलटसुलट करून पाहिली. एकीनं तिच्या भिंतीला ओल येते तिथं लावायला बरं होईल म्हटलं.

त्या रविवारी सकाळी नीराबाईनं पोटमाळ्यावरून सुक्या बोंबलांच्या गोण्या खाली काढल्या. पावसाळ्यात विकायला जपून ठेवलेला माल तो, भाव चढतो तेव्हासाठीचा. अंगणात ताडपत्री अंथरून तिनं ढीग घालायला सुरुवात केली. अनंतानं बिडी विझवली. तो म्हणाला, होडी आपली न्हाय, नीरा. आपन कशापायी द्यायचं? ती म्हणाली, हाक आपली व्हती. तो उठला आणि ढीग सारखे आहेत का ते बघायला लागला, एकातून काढून दुसऱ्यात टाकायला लागला.

अकराजणी आल्या. नीराबाईनं एकेकीच्या पदरात वाटा घातला. मनातून तिला वाटत होतं, एखादी तरी म्हणेल, राहू दे काकी, तुझं नुकसान कशाला. कुणी म्हणालं नाही. आणि का म्हणावं? दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यांच्याही गेल्या होत्या. किशोरी शेवटी आली. तिच्या वाट्यात नीराबाईनं दोन मुठी जास्त घातल्या आणि म्हणाली, त्या दिवशी मी तुला बोलले, पोराच्या तापाचं, ते बोलायला नको व्हतं. किशोरीनं पदर आवळला. म्हणाली, व्हय, नको व्हतं. मग ताडपत्रीवर उरलेल्या एका ढिगाकडे बघून तिनं विचारलं, "काकी, ह्यो तुझा ना? तुला कोन देनार?"

ढीग तिनं बारा घातले होते, पण आपला आपल्याला कोण देणार हे नीराबाईच्या डोक्यात आलंच नव्हतं. पन्नासेक तास तीही त्या खुर्चीवर होती. त्यातले निम्मे उभ्यानं, पापलेट हातात धरून.

सोमवारी साडेतीनला हजेरी लावून झाल्यावर ती टेम्पोत बसली नाही. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं घेऊन विपुलच्या खोलीत गेली. एसी चालू, दार बंद, आणि सुक्या बोंबलाचा वास. विपुलनं पहिल्यांदाच नाकाला रुमाल लावला. तिनं पुडकं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की अकराजणींचे वाटे तिनं देऊन टाकले, आपल्या घरातले. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नाही. पैसेही नकोत. फक्त स्वतःचा वाटा स्वतःला देता येत नाही, तो होडीवाल्याच्या हातून घ्यायचा असतो.

"बोंबील माझे, कागद माझा. तुमचा एक पैका जात न्हाय. तुमी फकस्त उचला आन माझ्या हातात ठेवा. म्हंजे माझं मिटलं."

विपुल हसला. एवढंच ना मावशी, म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला. बोटं पुडक्याला लागली. मग हात तिथंच थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि हात हळूच मागे घेतला.

"नाही मावशी," तो म्हणाला. "मी हे दिलं, तर कंपनीनं तुमच्याकडून काम करून घेतलं असं होतं. तेवढं सोडून दुसरं काहीही सांगा."

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो लॅपटॉपकडे बघायला लागला. लॅपटॉप बंद होता.

नीराबाई जागची हलली नाही. तिला ओरडायचं होतं, आणि ओरडली असती तर खाडीपलीकडं दिघीपर्यंत गेलं असतं. इतके दिवस ती या माणसासमोर करवंट्या मांडत होती. तिनं पुडकं उचललं, काखेत धरलं आणि दाराशी जाऊन मागं वळली.

"मला वाटलेलं तुमाला कळत न्हाय," ती म्हणाली. "म्हनून समजावत बसले व्हते."